पदव्युत्तर शैक्षणिक लेखन

पदव्युत्तर शैक्षणिक लेखन : विद्यापीठाची पहिली पदवी संपादन केल्यानंतर उच्चतर पदवीसाठी अध्ययन करणाऱ्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून स्वतंत्रपणे सिद्ध करून मूल्यमापनासाठी सादर केलेले लेखन. स्वाध्याय, चर्चासत्रात वाचावयाचा निबंध, प्रकल्प-अहवाल आणि प्रबंधिका हे त्याचे प्रमुख प्रकार होत. परीक्षागृहात लिहिलेल्या उत्तरापेक्षा हे लेखन स्वरूपतः भिन्न असते. परीक्षेतील उत्तरात विद्यार्थ्याला काय माहीत आहे, हे पाहिले जाते. या लेखनात तो एखादे विधान कशाच्या आधारावर करतो, हे तपासले जाते. विषयाची निवड, साधनांचा शोध, त्यांची पारख, युक्तिवादाची मांडणी आणि निष्कर्षाची जबाबदारी ही सर्व कार्ये येथे विद्यार्थ्याकडे येतात. तळटीपा, अवतरणे, संदर्भसूची इ. जी साधनसामग्री अशा लेखनाबरोबर येते, तिचा हेतूही एकच असतो : लेखकाने केलेले प्रत्येक महत्त्वाचे विधान वाचकाला स्वतः पडताळून पाहता यावे. हा हेतू लक्षात न घेतल्यास हे लेखन केवळ एक औपचारिक सोपस्कार ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मध्ययुगीन यूरोपीय विद्यापीठांत पदवीची कसोटी मुख्यतः मौखिक होती. उमेदवाराने एखादे प्रतिपाद्य विधान मांडावयाचे आणि त्यावरील आक्षेपांचे सभेत खंडन करावयाचे, अशी वादपद्धती रूढ होती. मुद्रणकला आल्यानंतर ही प्रतिपाद्ये छापली जाऊ लागली. तथापि सतराव्या-अठराव्या शतकांतील जर्मन विद्यापीठांत छापील प्रबंध पुष्कळदा वादसभेच्या अध्यक्षस्थानी असणाऱ्या प्राध्यापकानेच लिहिलेला असे आणि विद्यार्थी त्याचे केवळ समर्थन करी. प्रबंध विद्यार्थ्याने स्वतः लिहिला पाहिजे, ही आज स्वयंसिद्ध वाटणारी अपेक्षा त्यामानाने अलीकडची आहे.

भारतीय शास्त्रपरंपरेतही मतप्रतिपादनाची शिस्त फार पूर्वीपासून होती. मीमांसाशास्त्रातील अधिकरणात विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय अथवा संगती असे घटक मानले जातात. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्व बळानिशी मांडल्याशिवाय स्वतःचा सिद्धांत सांगू नये, हे या रचनेतील तत्त्व आधुनिक प्रबंधलेखनालाही लागू पडते. मात्र मूळ कागदपत्रांची चिकित्सा करून नवी माहिती उजेडात आणणे, हा आधुनिक संशोधनाचा विशेष या परंपरेत अभिप्रेत नव्हता.

तो विशेष जर्मन चर्चासत्रांतून विकसित झाला. गॉटिंगेन विद्यापीठात अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि हाल विद्यापीठात १७८७ मध्ये फ्रीड्रिख आउगुस्ट व्होल्फ (१७५९–१८२४) यांच्या पुढाकाराने भाषाशास्त्रीय चर्चासत्रे सुरू झाली. १८१० मध्ये व्हिल्हेल्म फोन हंबोल्ट (१७६७–१८३५) यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठात अध्यापन व संशोधन यांची एकत्र सांगड घालण्यात आली. इतिहासकार लेओपोल्ट फोन रांके (१७९५–१८८६) हे निवडक विद्यार्थ्यांना मूळ साधनांच्या चिकित्सेचे पाठ देत. विद्यार्थ्याने निबंध लिहावा, सहाध्यायांसमोर वाचावा आणि त्यांच्या आक्षेपांना पुराव्यानिशी उत्तरे द्यावीत, ही पद्धत तेथून सर्वत्र पसरली. अमेरिकेत येल विद्यापीठाने १८६१ मध्ये पहिल्या पीएच्. डी. पदव्या दिल्या, १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्झ विद्यापीठाने चर्चासत्राला पदव्युत्तर शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. ऑक्सफर्डसारख्या जुन्या इंग्रजी विद्यापीठाने डॉक्टरेटची संशोधन-पदवी १९१७ मध्ये स्वीकारली.

भारतातील विकास : कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील विद्यापीठे १८५७ मध्ये स्थापन झाली. त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर त्यांचे कार्य मुख्यतः परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच होते. अध्यापन संलग्न महाविद्यालयांत चाले. त्यामुळे एम्. ए. ची पदवीदेखील प्रायः नेमलेल्या ग्रंथांच्या अभ्यासावर व लेखी परीक्षेवर अवलंबून राहिली. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची वाट मोकळी झाली. आशुतोष मुखर्जी (१८६४–१९२४) यांच्या प्रयत्नांनी कलकत्ता विद्यापीठात १९१७ मध्ये पदव्युत्तर अध्यापनाची स्वतंत्र व्यवस्था झाली [⟶ विद्यापीठ].

मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये पॅट्रिक गेडीस (१८५४–१९३२) यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्र विभाग सुरू झाला आणि १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांनी त्याची धुरा सांभाळली. एम्. ए. च्या पातळीवरच विद्यार्थ्याकडून क्षेत्रीय संशोधनावर आधारलेला प्रबंध लिहून घेण्याची प्रथा या विभागाने रुजविली. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावन ब्राह्मणांवर प्रबंध लिहून १९२८ मध्ये एम्. ए. पदवी मिळविली. मैसूर नरसिंहाचार श्रीनिवास (१९१६–९९) यांचा म्हैसूरमधील विवाह व कुटुंब या विषयावरील एम्. ए. चा प्रबंध १९४२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. पुण्याचे १९३४ मध्ये बंद पडलेले डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि भाषाशास्त्र, पुरातत्त्व, समाजशास्त्र इ. विषयांत अशा लेखनाला तेथे स्थिर आधार मिळाला.

विद्यापीठांबाहेर महाराष्ट्रात हीच शिस्त इतिहाससंशोधकांनी जोपासली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३–१९२६) यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडशः प्रसिद्ध केली आणि अस्सल कागदाच्या आधाराशिवाय विधान करू नये, हा दंडक घालून दिला. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात सभासदांनी निबंध वाचावेत व त्यांवर चर्चा व्हावी, असा प्रघात पडला. पदवीशी संबंध नसूनही हे कार्य चर्चासत्राच्या कल्पनेशी मिळतेजुळते होते.

प्रकार : स्वाध्याय हा या लेखनाचा सर्वांत लहान प्रकार होय. एखाद्या अभ्यासघटकावरील प्रश्नाचे ग्रंथालयाच्या साहाय्याने लिहिलेले उत्तर असे त्याचे स्वरूप असते. दूरशिक्षणात त्याला विशेष महत्त्व आहे. कारण शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील संवादाचे ते मुख्य साधन ठरते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८५) आणि नाशिक येथील यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) यांनी स्वाध्यायांचा मूल्यमापनात समावेश केला. तपासनिसाने समासात लिहिलेले शेरे हा तेथे अध्यापनाचाच भाग समजला जातो. चर्चासत्रातील निबंध हा एखाद्या मर्यादित प्रश्नावर असतो व तो श्रोत्यांसमोर वाचला जातो. प्रकल्प-अहवालात क्षेत्रपाहणी, प्रयोग अथवा एखाद्या संस्थेतील प्रत्यक्ष कामाची नोंद येते. प्रबंधिका हा अधिक विस्तृत प्रकार असून ती प्रकरणांत विभागलेली असते आणि तिच्यावर सामान्यतः मौखिक परीक्षा होते. पीएच्. डी. च्या प्रबंधाकडून ज्ञानात मौलिक भर पडावी, अशी अपेक्षा असते. प्रबंधिकेकडून संशोधनपद्धती आत्मसात केल्याची खात्री पटावी, एवढी अपेक्षा पुरेशी मानली जाते.

विषय व प्रश्न : लेखनाची पहिली अडचण विषयनिवडीची असते. विद्यार्थी बहुधा फार व्यापक विषय घेतो. त्यामुळे लेखन सर्वश्रुत माहितीच्या संकलनापलीकडे जात नाही. विषय म्हणजे अभ्यासाचे क्षेत्र आणि प्रश्न म्हणजे त्या क्षेत्रातील ज्याचे उत्तर ठाऊक नाही किंवा ज्याच्या उत्तराविषयी मतभेद आहेत असा मुद्दा. उदा., ‘एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील शेतकरी’ हा प्रबंधिकेला न पेलणारा विषय आहे. तो ‘१८७५ चे दख्खनचे दंगे’ असा आखडता घेतला, तरी तो विषयच राहतो. ‘पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील या दंग्यांच्या मुळाशी सावकारी कर्ज, वाढीव शेतसारा आणि कापसाच्या भावातील घसरण यांपैकी कोणते कारण कितपत होते?’ असे विचारल्यावर प्रश्न तयार होतो.

या प्रश्नाच्या आधारे पुढील सर्व टप्पे स्पष्ट करता येतात. दंग्यांचा प्रारंभ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे झाला. कर्जरोखे व खातेवह्या हस्तगत करून जाळणे हा जमावांचा मुख्य हेतू असून जीवितहानी करण्याकडे त्यांचा कल नव्हता. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) हिंदी कापसाला आलेली तेजी युद्धानंतर ओसरली आणि त्याच सुमारास फेरजमाबंदीमुळे शेतसाऱ्यात वाढ झाली. दंग्यांनंतर शासनाने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम संमत झाला. एवढी माहिती कोणत्याही इतिहासग्रंथात मिळते. तिची पुनरुक्ती म्हणजे प्रबंधिका नव्हे.

साधने व त्यांची पारख : साधनांचे प्राथमिक आणि दुय्यम असे दोन वर्ग केले जातात. वरील उदाहरणात आयोगाचा अहवाल व त्याची परिशिष्टे, जमाबंदीचे कागद, न्यायालयीन नोंदी, तत्कालीन वृत्तपत्रे आणि पुणे सार्वजनिक सभेची (स्थापना १८७०) निवेदने ही प्राथमिक साधने होत. नंतरच्या अभ्यासकांचे ग्रंथ व लेख ही दुय्यम साधने होत. प्रत्येक साधनाला तीन प्रश्न विचारावे लागतात : ते कोणी निर्माण केले, कोणासाठी केले आणि लेखकाला ती माहिती कशी कळली? आयोगाच्या अहवालात दोषाचा भर सावकारीवर आहे. परंतु शासनाच्या महसूल धोरणाची चौकशी शासनानेच नेमलेला आयोग करीत होता, हे वाचकाच्या नजरेस आणून देणे विद्यार्थ्याचे कर्तव्य ठरते. म्हणून अहवाल त्याज्य ठरत नाही. त्यात नोंदविलेल्या साक्षी व आकडे अन्यत्र दुर्मिळ आहेत. जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात शेतकऱ्याच्या दैन्याची मीमांसा वेगळ्या बाजूने केलेली आहे. तथापि तो दंग्यांनंतर आठ वर्षांनी लिहिलेला असल्याने दंग्यांचा प्रत्यक्ष पुरावा म्हणून नव्हे, तर त्या समाजस्थितीविषयीचे समकालीन मत म्हणून त्याचा उपयोग करावा लागतो.

दुय्यम साधनांच्या आढाव्याचा हेतू ग्रंथांची यादी देणे हा नसून मतभेद कोठे आहे, ते दाखविणे हा असतो. रविंदर कुमार यांनी १९६८ मधील आपल्या ग्रंथात हे दंगे पश्चिम भारतातील सामाजिक परिवर्तनाच्या संदर्भात पाहिले. उलट नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ मधील एका लेखात त्यांचे महत्त्व अतिशयोक्त ठरविले गेल्याचा पक्ष मांडला. या दोन मतांमध्ये निवड करण्यासाठी कोणता पुरावा लागेल, असा विचार सुरू झाला म्हणजे विद्यार्थ्याचे स्वतःचे काम सुरू होते. एका तालुक्यातील काही गावांच्या नोंदी तपासून तो जो निष्कर्ष काढील, तो त्या गावांपुरताच मर्यादित असेल. ही मर्यादा स्पष्ट शब्दांत नोंदविल्याने निष्कर्षाला उणेपणा न येता उलट बळकटी येते.

महाराष्ट्राच्या इतिहासाच्या अभ्यासकाला काही विशेष अडचणी येतात. पेशवेकालीन कागद मोडी लिपीत असल्याने तिचा परिचय आवश्यक ठरतो. कागदांवर शालिवाहन शक, फसली व सुहूर असे निरनिराळे कालोल्लेख आढळतात. शकाच्या आकड्यात ७८ किंवा वर्षाच्या अखेरच्या भागासाठी ७९, दक्षिणी फसलीत ५९० किंवा ५९१ आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळविल्यास इसवी सन मिळतो. यात एका वर्षाची चूक सहज होत असल्याने मूळ कालोल्लेख जसाच्या तसा देऊन त्यापुढे इसवी सन द्यावा, हा सुरक्षित मार्ग होय.

टिपणे व मांडणी : वाचताना घेतलेल्या टिपणांत मूळ लेखकाचे शब्द, त्याच्या मताचा सारांश आणि स्वतःचे भाष्य ही तीन अंगे वेगळी ठेवणे अत्यावश्यक आहे. पूर्वी त्यासाठी कार्डे वापरीत व प्रत्येक कार्डावर ग्रंथ आणि पृष्ठांक नोंदवीत. संगणकावरील नोंदींनाही हाच नियम लागू आहे. नकळत घडणारे वाङ्मयचौर्य बहुधा लिहिताना नव्हे, तर टिपणे घेताना झालेल्या निष्काळजीपणातून उद्भवते.

प्रबंधिकेची रचना सर्वसाधारणपणे पुढीलप्रमाणे असते : प्रश्न व त्याचे महत्त्व सांगणारी प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, साधने व पद्धती यांचे विवेचन, पुराव्याची मांडणी व विश्लेषण करणारी प्रकरणे, निष्कर्ष, परिशिष्टे व संदर्भसूची. विज्ञानशाखांत पद्धती, निरीक्षणे आणि चर्चा यांचे विभाग काटेकोरपणे वेगळे ठेवतात. मानव्यविद्यांत पुरावा व विवेचन एकत्र गुंफलेले असतात. प्रस्तावना आरंभी छापली जात असली, तरी ती अखेरीस पुन्हा लिहिणे इष्ट असते; कारण आपण नेमके काय सिद्ध केले, हे लेखकाला लेखन पूर्ण झाल्यावरच नीट कळते.

संदर्भनिर्देश : संदर्भ देण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. तळटीप पद्धतीत मजकुरात क्रमांक घालून पृष्ठाच्या तळाशी अथवा प्रकरणाच्या शेवटी साधनाचा तपशील देतात. इतिहास व साहित्य या विषयांत ती अधिक रूढ आहे. लेखक-वर्ष पद्धतीत मजकुरातच कंसात लेखकाचे आडनाव, प्रकाशनवर्ष व पृष्ठांक येतात. हिचा उगम हार्व्हर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ मधील एका निबंधात दाखविला जातो. शिकागो विद्यापीठाने १९०६ मध्ये आपली लेखननियमावली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याच विद्यापीठात प्रबंध तपासण्याचे काम करणाऱ्या केट टुरेबियन (१८९३–१९८७) यांनी १९३७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी सिद्ध केलेली पुस्तिका पुढे जगभर वापरली गेली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची नियमावली १९२९ मधील एका छोट्या लेखातून वाढत गेली.

मराठी प्रबंधांत ‘तत्रैव’ व ‘उनि’ (उपरिनिर्दिष्ट) हे संक्षेप प्रचलित आहेत. संदर्भसूचीत आडनाव प्रथम देऊन वर्णानुक्रम लावतात. मात्र ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांसारख्या संतकवींची नोंद त्यांच्या नावानेच करतात. प्राचीन ग्रंथांच्या बाबतीत कोणत्या संपादकाची प्रत वापरली, हे सांगणे अगत्याचे असते. कारण संहितांमध्ये पाठभेद असतात. कोणतीही पद्धत स्वीकारली, तरी ती आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखी असावी आणि न वाचलेल्या ग्रंथाचा उल्लेख वाचल्यासारखा करू नये, हे नियम सर्वत्र समान आहेत.

एक नमुना : विद्यार्थ्याच्या चर्चासत्रीय निबंधातून केवढे कार्य होऊ शकते, याचे उत्कृष्ट उदाहरण म्हणून भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांच्या ‘भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास’ या इंग्रजी निबंधाचा निर्देश करता येईल. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी त्यांनी तो वाचला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे होते. पुढील वर्षी मे महिन्यात इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला.

या निबंधाची रचना अभ्यसनीय आहे. प्रथम सेनार, नेसफील्ड, रिझ्ली आणि केतकर या चार अभ्यासकांच्या जातिविषयक व्याख्या घेऊन प्रत्येकीचे गुणदोष दाखविले आहेत. यांपैकी श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) हे पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक झाले. त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथही अमेरिकेतील विद्यार्थिदशेतच, १९०९ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. व्याख्यांच्या परीक्षणातून अंतर्विवाह हेच जातीचे व्यवच्छेदक लक्षण होय, या निष्कर्षाप्रत आंबेडकर येतात. त्यानंतर खरा प्रश्न उभा राहतो : मुळात बहिर्विवाह पाळणाऱ्या समाजात अंतर्विवाह कसा टिकविला गेला? बंदिस्त गटात पती अथवा पत्नी यांच्या मृत्यूमुळे स्त्रीपुरुषांच्या संख्येत असमतोल निर्माण होतो. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी तो असमतोल आवरण्याचे उपाय होत, असे प्रतिपादन ते करतात. जातिव्यवस्था कोणा एका स्मृतिकाराने लादली, हा पक्ष खोडून काढून एका वर्गाने स्वतःला बंदिस्त केल्यावर इतरांनी केलेल्या अनुकरणातून जाती पसरल्या, असे ते सुचवितात. त्यासाठी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ गाब्रीएल तार्द यांच्या अनुकरणविषयक सिद्धांताचा आधार घेतात. अखेरीस आपली उपपत्ती अंतिम नसून ती असमर्थनीय ठरल्यास सोडून देण्याची तयारी ते व्यक्त करतात. पूर्वसंशोधनाची चिकित्सा, नेमका प्रश्न, कार्यकारणभावाची मांडणी, प्रतिपक्षाचे खंडन आणि निष्कर्षाची तात्पुरती अवस्था मान्य करणे ही चांगल्या निबंधाची सर्व अंगे येथे आढळतात. जातीचे चटके स्वतः सोसलेल्या लेखकाने हा विषय भावनेच्या आहारी न जाता मांडला, हेही उल्लेखनीय आहे.

पुनर्लेखनाच्या दृष्टीनेही त्यांचे उदाहरण बोधप्रद आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये १९२३ च्या मार्चमध्ये डी. एस्‌सी. साठी दिलेला रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध आरंभी स्वीकारला गेला नाही. ऑगस्टमध्ये तो पुन्हा सादर झाला आणि नोव्हेंबरमध्ये त्यास मान्यता मिळाली. प्रश्न बदलला म्हणजे तीच सामग्री वेगळा अर्थ देते, हे श्रीनिवास यांच्या कूर्ग समाजावरील संशोधनावरून दिसते. मुंबईत घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली जमविलेल्या सामग्रीचे ऑक्सफर्डमध्ये रॅडक्लिफ-ब्राउन व इव्हान्स-प्रिचर्ड यांच्या प्रभावाखाली त्यांनी नव्याने विवेचन केले आणि त्यातून १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा विख्यात ग्रंथ सिद्ध झाला.

वाङ्मयचौर्य : दुसऱ्याचे शब्द, कल्पना अथवा सामग्री ऋणनिर्देश न करता स्वतःची म्हणून सादर करणे, हा शैक्षणिक लेखनातील सर्वांत गंभीर दोष होय. तो उघडकीस येण्यास काळाची मर्यादा नसते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९५५ च्या प्रबंधात असे उतारे असल्याचा निष्कर्ष बॉस्टन विद्यापीठाच्या समितीने १९९१ मध्ये काढला. पदवी मात्र कायम ठेवण्यात आली. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबेर्ग यांची डॉक्टरेट २०११ मध्ये याच कारणास्तव रद्द झाली व त्यांना मंत्रिपदाचा राजीनामा द्यावा लागला.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये यासंबंधी विनियम केले. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित लेखन सादर करावे लागते. ४० ते ६० टक्क्यांसाठी एक वर्षपर्यंत पुन्हा सादर करण्यास मनाई आणि ६० टक्क्यांहून अधिक साम्यासाठी नोंदणी रद्द, अशी त्यांतील श्रेणी आहे. अवतरणचिन्हांत ऋणनिर्देशासह दिलेला मजकूर, संदर्भसूची आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे सामान्य साम्य गणनेतून वगळले जाते. स्वाध्याय, प्रकल्प-अहवाल व सत्रनिबंध यांना मात्र हे विनियम लागू नाहीत. म्हणजेच लेखनाची सवय जेथे प्रथम लागते, तेथे तिची राखण शिक्षकाच्या दक्षतेवर व विद्यार्थ्याच्या सचोटीवर सोपविलेली आहे. शिवाय टक्केवारी शब्दांचे साम्य मोजते. शब्द बदलून उचललेली कल्पना तीत सापडत नाही.

मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी स्वाध्याय अथवा प्रबंधिका लिहून देण्याचा व्यवसाय हे या दोषाचे आणखी उग्र रूप होय. ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये कायद्याने त्यास बंदी घातली. २०२२ च्या अखेरीस मजकूर निर्माण करणाऱ्या संगणकीय प्रणाली सर्वांना उपलब्ध झाल्या. अशा प्रणाली अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे संदर्भही बिनचूक भासतील अशा रीतीने देतात. त्यांनी लिहिलेला मजकूर खात्रीपूर्वक ओळखणे कठीण असल्याने मौखिक परीक्षा, टिपणांची तपासणी आणि टप्प्याटप्प्याने कच्चे लेखन पाहणे या जुन्या उपायांना पुन्हा महत्त्व आले आहे.

मूल्यमापन व सद्यःस्थिती : प्रश्नाची स्पष्टता, साधनांचा योग्य वापर, युक्तिवादातील सुसंगती, संदर्भांची अचूकता आणि भाषेची नेमकी मांडणी हे मूल्यमापनाचे सामान्य निकष होत. निष्कर्ष परीक्षकाच्या मताशी जुळतो की नाही, हा निकष नव्हे. राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) परीक्षापद्धतीच्या सुधारणेला अग्रक्रम दिला आणि कोठारी आयोगाने (१९६४–६६) अंतर्गत मूल्यमापनाचा पुरस्कार केला. पुढे श्रेयांक पद्धती आल्यावर बहुतेक विद्यापीठांत स्वाध्याय व प्रकल्प यांना गुणांचा निश्चित वाटा मिळाला. प्रबंधलेखनाच्या प्रशिक्षणाचा टप्पा मानली जाणारी एम्. फिल्. पदवी २०२२ च्या विनियमांनी बंद झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे दुसरे वर्ष संपूर्णपणे संशोधनास देता येते; त्यामुळे पदव्युत्तर पातळीवरील प्रबंधिकेवरील जबाबदारी वाढली आहे. पीएच्. डी. चे प्रबंध ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात सर्वांना पाहता येतात. त्यांमुळे पूर्वसंशोधनाचा शोध सुलभ झाला, तशीच नक्कल करण्याची व ती पकडण्याचीही सोय झाली.

परीक्षाकेंद्रित परंपरेत वाढलेल्या विद्यार्थ्याला पदव्युत्तर वर्गात येईपर्यंत तयार उत्तरे लिहिण्याचीच सवय असते. त्याच्याकडून एकदम स्वतंत्र लेखनाची अपेक्षा केली, तर तो साहजिकच तयार मजकुराकडे वळतो. विद्यार्थिसंख्या मोठी व मार्गदर्शक थोडे असल्यास स्वाध्याय न वाचताच गुण दिले जाण्याचा धोका असतो; आणि जे लेखन कोणी वाचणार नाही, ते कोणी मनापासून लिहीत नाही. म्हणून चर्चासत्राचा मूळ गाभा, म्हणजे लेखकाला प्रश्न विचारणारा वाचक समोर असणे, हाच या लेखनाच्या दर्जाचा खरा आधार होय [⟶ परीक्षापद्धती, संशोधन].